शेवटी येईल त्याचे खरे

संगणकावरच्या खेळांचा इतिहास लिहायचा म्हटले की बहुतेक जण कोणता खेळ कधी आला, किती खपला आणि त्यातली चित्रे किती हुबेहूब होती एवढेच लिहितात. पूर्वी मुलांकडून राजांच्या सनावळ्या पाठ करून घेत, त्यातलाच प्रकार. मला मात्र या इतिहासातल्या एका बारीक आणि वरवर कोरड्या दिसणाऱ्या प्रश्नाने गेले काही महिने धरून ठेवले आहे. एकाच खेळात दोन परक्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकाच जागी बदल केले तर खरे कोणाचे धरायचे?

अशा बदलांना 'मॉड' म्हणतात. खेळ बनवणाऱ्या कंपनीने नव्हे, तर तो खेळणाऱ्यांनीच हौसेने केलेली ही भर असते. कोणी नवी तलवार घालतो, कोणी गावात झाडे लावतो, कोणी दुकानदारिणीचा चेहरा बदलतो. बहुतेक वेळा फुकट वाटायचे आणि दुसऱ्याने आपल्या खेळात टाकायचे. माझा नातू स्कायरिम नावाचा खेळ खेळतो आणि त्याच्या संगणकावर असे दोनशेच्या वर मॉड आहेत. जेवायला हाक मारली की "आजी, दोन मॉडचं भांडण मिटवतो आणि आलोच" असे उत्तर येते. आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले. भांडण म्हटले की ते पहिल्यांदा कधी झाले आणि कशावरून, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. नातवाने थोडे दाखवले, बाकीचे मी वाचून काढले.

सुरुवात धरायची तर १९९२ पासून धरावी. त्या वर्षी आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आला. हौशी लोकांनी त्याचे नकाशे आणि चित्रे बदलायला सुरुवात केली, पण त्यासाठी खेळाची मूळ फाइलच बदलावी लागे. नवे लिहिले की जुने पुसले. मूळ हवे असेल तर आधीच प्रत काढून ठेवायची. म्हणजे पाटीवर लिहिल्यासारखेच झाले! इथे दोन मॉडची टक्कर व्हायला जागाच नव्हती, कारण दुसरा आला की पहिला शिल्लकच राहत नसे.

या कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक. लोक आपल्या खेळात ढवळाढवळ करतात याचा त्याला राग आला नाही, हे विशेष. पुढचा खेळ 'डूम' १० डिसेंबर १९९३ रोजी आला, त्यात त्याने खेळाचे यंत्र वेगळे आणि खेळाचा माल वेगळा अशी स्पष्ट वाटणी केली. सगळा माल 'वॅड' नावाच्या फाइलीत. नकाशे, राक्षसांची चित्रे, आवाज, संगीत, प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा आणि प्रत्येक गठ्ठ्याला जास्तीत जास्त आठ अक्षरांचे नाव. हौशी माणसाने मूळ वॅडला हात लावायचा नाही. आपली छोटी वॅड तयार करायची आणि खेळ सुरू करताना तिचे नाव सांगायचे. एखादा गठ्ठा हवा असला की खेळ यादीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे शोधत येई. त्यामुळे नंतर जोडलेल्या फाइलीत त्या नावाचा गठ्ठा असेल तर तोच आधी सापडे आणि मूळचा तसाच मागे, न पुसता, पडून राही. (कंपनीची एक अट होती. हे सगळे पैसे भरून घेतलेल्या पूर्ण खेळातच चालेल, फुकट वाटलेल्या पहिल्या भागात नाही. व्यवहार सुटलेला नव्हता.)

"शेवटी येईल त्याचे खरे" हा नियम असा आला. कोणी तत्त्व म्हणून तो मांडला नव्हता. यादी उलटी वाचणे सोयीचे, एवढेच त्यामागे होते. पण पुढची तीसेक वर्षे लाखो लोक या सोयीच्या नियमाशी झगडत आले आहेत. सोयीसाठी घेतलेला छोटा निर्णय मोठ्या निर्णयांपेक्षा जास्त टिकतो, हे इतिहासात पुष्कळदा दिसते.

नियम चांगला होता, कारण नावे वेगळी असतील तर दोन मॉड गुण्यागोविंदाने नांदत. एकाने नकाशा बदलला, दुसऱ्याने त्याच पातळीचे संगीत, तरी बिघडत नसे. पण खेळ 'ई१एम१' या पहिल्या नकाशापासून सुरू होतो, त्यामुळे ज्याला त्याला आपला नकाशा तिथेच हवा. असे दोन जोडले की दुसरा दिसे, पहिला नाही. त्यातून राक्षसांच्या चित्रांची एक वेगळीच अडचण होती. ही चित्रे दोन खुणांच्या मधे एका ओळीत ठेवलेली असत. मॉडने आपल्या खुणा आणल्या की खेळ फक्त त्याच ओळीत बघे आणि बाकीचे राक्षस त्याला सापडेनासे होत. म्हणजे एका राक्षसाचे चित्र बदलायला सगळ्यांची चित्रे सोबत आणायला हवीत! यावर हौशी मंडळींनी 'ड्यूएसएफ' सारखी छोटी साधने लिहिली. ती नवी चित्रे मूळ ओळीत बसवून देत आणि खेळून झाले की पूर्ववत करून देत. भांडण कंपनीच्या रचनेमुळे आणि तोडगा मात्र खेळणाऱ्यांचा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. २३ डिसेंबर १९९७ रोजी कंपनीने डूमचा मूळ कार्यक्रम खुला केला, तेव्हा हौशी लोकांनी आपापल्या आवृत्त्यांतून ती अडचणच काढून टाकली.

मधल्या काळात, १९९६ साली, 'क्वेक' आला. त्यात प्रत्येक मॉडला स्वतःचा कप्पा मिळाला, हे बरे झाले. पण खेळाचे सगळे नियम 'प्रॉग्ज' नावाच्या एकाच फाइलीत बांधलेले. कोणी बंदुकीचा नियम बदलला आणि कोणी दाराचा, तरी फाइल तीच, म्हणून दोन्ही एकत्र चालणे अशक्य. दोन्हींचा मूळ मजकूर मिळवून हाताने एक करायचा हाच उपाय. पुढे माइनक्राफ्टमध्ये आणखी वेगळाच प्रकार झाला. तिथे प्रत्येक प्रकारच्या ठोकळ्याला एक क्रमांक असे आणि दोन मॉडनी योगायोगाने तोच क्रमांक घेतला की खेळ कोसळे. लोक तासन्‌तास बसून सेटिंगच्या फाइलींतले आकडे बदलत. २०१३ च्या १.७ आवृत्तीपासून मॉडच्या ठोकळ्यांची ओळख नावावरून ठरू लागली आणि आकडे यंत्र आपले आपण वाटू लागले, तेव्हा ती कटकट संपली. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली की आडनाव लावून हाक मारतो, तेवढी साधी गोष्ट. पण ती सुचायला आणि बसवायला वेळ लागला.

या प्रश्नाचा खरा इतिहास मात्र बेथेस्डा कंपनीच्या खेळांत घडला. मॉरोविंड (२००२), ओब्लिव्हियन (२००६) आणि स्कायरिम (२०११). मॉरोविंड विकतानाच कंपनीने सोबत खेळ घडवण्याचे साधन दिले होते. जग प्रचंड मोठे आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूची, माणसाची, खोलीची वेगळी नोंद. मॉडची फाइल म्हणजे अशा बदललेल्या नोंदींची वही. खेळ सुरू होताना या वह्या एकामागून एक वाचल्या जातात आणि एकाच नोंदीबद्दल दोन वह्या बोलल्या तर शेवटच्या वहीचे खरे. हा डूमचाच नियम, पण इथे तो फार जास्त बोचतो, कारण नोंद अख्खी बदलते. एका मॉडने तलवारीचे वजन कमी केले आणि दुसऱ्याने तिची किंमत वाढवली. दोघांत काही विरोध आहे का? काहीच नाही. पण दुसऱ्याच्या वहीत तलवारीची पूर्ण नोंद आहे, जुन्या वजनासकट. पहिल्याची मेहनत गेली आणि ती गेली हे कोणी सांगतही नाही.

आणि वह्यांचा क्रम कशावरून ठरे? मॉरोविंड आणि ओब्लिव्हियनमध्ये फाइलीच्या तारखेवरून! जी फाइल शेवटी बदलली ती शेवटी वाचायची. मग क्रम बदलायचा तर काय करायचे? तारीख बदलायची. काल केलेल्या फाइलीवर परवाची तारीख घालायची, म्हणजे ती आधी वाचली जाईल. त्यासाठी साधनेसुद्धा निघाली होती. कागदावर खोटी तारीख घालणाऱ्यांवर आम्ही इतिहासवाले आयुष्यभर दात धरून असतो. इथे तो रोजचा प्रामाणिक व्यवहार होता. स्कायरिममध्ये २०१२ पासून क्रम एका साध्या यादीत लिहून ठेवू लागले आणि तारखांचा हा खेळ संपला.

ओब्लिव्हियनच्या काळात 'राय' हे टोपणनाव घेणाऱ्या एका माणसाने 'राय बॅश' नावाचे साधन लिहिले. त्यातली एक कल्पना मला फार आवडली. या खेळांत याद्या असतात. अमुक पातळीच्या खेळाडूला वाटेत कोणते प्राणी भेटावेत, पेटीत काय सापडावे, अशा. दहा मॉडनी एकाच यादीत आपापल्या तलवारी घातल्या तर फक्त दहाव्याच्या तलवारी दिसणार. हे साधन दहाही याद्या वाचून त्यांची एक यादी बनवते आणि ती सगळ्यांत शेवटी ठेवते. म्हणजे "शेवटी येईल त्याचे खरे" हा नियम मोडायचा नाही, पण शेवटी येणाऱ्यालाच सगळ्यांचे ऐकून घ्यायला लावायचे.

पण इथे एक पेच आहे. समजा मूळ यादीत लांडगा होता आणि एका मॉडच्या यादीत तो नाही. त्या लेखकाने लांडगा मुद्दाम काढला, की त्याला त्याच्याशी काही कर्तव्यच नव्हते? बेरीज करणारे यंत्र लांडगा परत आणून ठेवणार. म्हणून मॉडवर खुणा लावायची पद्धत आली. अमक्या खुणेचा अर्थ 'याने वगळले ते जाणूनबुजून वगळले आहे, त्याचा मान ठेवा'. जुन्या कागदपत्रांत एखाद्या घटनेचा उल्लेख नसला तर तो का नाही, हा आमच्या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न. बखरकार गप्प आहे तो माहीत नव्हते म्हणून, की सांगायचे नव्हते म्हणून? संगणकाच्या हौशी लोकांना तो असा वाटेत भेटला आणि त्यांनी तो एका खुणेने सोडवलासुद्धा. अर्थात त्यांचे लेखक हयात होते. विचारता येत होते.

याच काळात दुसरे एक साधन आले, टीईएस४एडिट. आता त्याला एक्सएडिट म्हणतात. नातवाने ते उघडून दाखवले तेव्हा मी खुर्ची ओढून बसलेच. एक नोंद घेतली की ती नोंद बदलणारे सगळे मॉड शेजारी शेजारी स्तंभांत दिसतात. डावीकडे मूळ, मग एकेक बदल आणि सर्वांत उजवीकडे जिंकलेला. जिथे टक्कर आहे तिथे लाल रंग. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते. तिच्या पानावर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली तळटीपांत निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद असतात. नाकारलेला पाठही वाचकासमोर ठेवायचा, ही त्यातली शिस्त. खेळाची आणि महाभारताची बरोबरी करायची नाही (तेवढे भान आहे!), पण नाकारलेले झाकून टाकायचे नाही ही ओढ दोन्हीकडे एकच आहे.

या स्तंभांतून एक गमतीची गोष्ट उघडकीला आली. काही मॉडच्या वहीत अशा नोंदी सापडत, ज्यांत काहीच बदललेले नाही. लेखकाने बनवताना त्या सहज उघडून बघितल्या असतील आणि त्या तशाच जतन झाल्या. पण यंत्राला काय त्याचे? वही शेवटी आली की ती मूळ नोंद पुन्हा मूळपदावर आणणार आणि मधे कोणी विचारपूर्वक केलेला बदल पुसून टाकणार. ज्याला काही म्हणायचेच नव्हते त्याने दुसऱ्याचे बोलणे खोडले! बैठकीत असे सदस्य असतात, पण ते जाऊ दे. अशा नोंदी शोधून काढण्याला 'साफसफाई' म्हणतात, आणि खुद्द बेथेस्डाने विकलेल्या स्कायरिमच्या पुरवण्यांतही त्या होत्या.

ओब्लिव्हियनच्या चार मोठ्या मॉडची गोष्ट या इतिहासातली मला तहासारखी वाटते. फ्रान्सेस्को, वॉरक्राय, ऑस्क्युरो आणि मार्टिगन अशा चार नावांनी ओळखली जाणारी ही मोठमोठी कामे. प्रत्येकाने खेळातले प्राणी, शस्त्रे आणि लढाया आपापल्या मताने नव्याने रचलेल्या. चौघे एकत्र चालणे अशक्यच होते. तरी काही लोकांनी बसून, नोंद घेऊन नोंद, चारही जुळवली आणि त्याला चौघांची अक्षरे मिळून 'एफकॉम' नाव दिले. ते बसवण्याच्या सूचनाच इतक्या लांब होत्या की त्या पाळताना माणसे मेटाकुटीला येत. कोणती वही कोणाच्या आधी, हे सांगणारी 'बॉस' आणि पुढे 'लूट' ही साधने याच गरजेतून वाढली. त्यांच्यामागे स्वयंसेवकांनी राखलेली एक मोठी यादी असते. पण क्रम लावणे म्हणजे भांडण मिटवणे नव्हे. कोण जिंकणार हे क्रमाने ठरते. हरलेल्याच्या म्हणण्यातले काय राखायचे, ते कोणीतरी वाचून ठरवावे लागते. त्यासाठी दोन मॉडच्या मधे बसणारी तिसरी छोटी वही लिहितात, तिला पॅच म्हणतात. कपड्याच्या ठिगळालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. हे काम करणाऱ्याचे नाव क्वचितच कोणी लक्षात ठेवतो.

स्कायरिममध्ये ही टक्कर दोन मजल्यांवर चालते आणि नवख्यांचा गोंधळ बहुतेक वेळा यातूनच होतो. वरच्या मजल्यावर या वह्या. खालच्या मजल्यावर प्रत्यक्ष फाइली, म्हणजे चित्रे, आकार, आवाज. दोन मॉडनी एकाच नावाचे चित्र आणले तर कोणते राहणार, हे वह्यांच्या क्रमाने ठरत नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत दोन्ही मजले लागतात. माणसाची नोंद वहीत आणि चेहऱ्याचा तयार साचा फाइलीत. नोंद एका मॉडची जिंकली आणि साचा दुसऱ्याचा, तर तो माणूस काळपट तोंडाने गावात हिंडू लागतो. शरीर गोरे आणि तोंड कोळशासारखे. "आजी, हिचं तोंड बघ" म्हणून नातवाने मला बोलावले तेव्हा एक दुकानदारीण अशी उभी होती. दोन्ही मॉड निर्दोष होते. दोघांचा अर्धा अर्धा विजय झाला होता, एवढेच.

खालच्या मजल्यावर पूर्वी वुल्फेन्स्टाइनचीच कथा होती. सगळे मॉड एकाच फोल्डरमध्ये ओतायचे आणि नंतरच्याने आधीच्याची फाइल खरोखरच पुसायची. पुढच्या साधनांनी निदान कोणी कोणावर काय लिहिले याची नोंद ठेवली. 'टॅनिन' या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने केलेल्या मॉड ऑर्गनायझरने मात्र पुसणेच बंद केले. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरात अखंड राहतो. खेळ सुरू होताना हे साधन सगळे थर एकावर एक ठेवल्याचा भास निर्माण करते आणि खेळ बिचारा समजतो की सगळे एकाच फोल्डरात आहे. खेळ बंद केला की मूळ फोल्डर स्वच्छ. यादीत प्रत्येक मॉडपुढे विजेचे छोटे चिन्ह येते. दुसऱ्याला झाकत असेल तर हिरवी अधिक खूण, झाकला जात असेल तर तांबडी वजा खूण. क्रम बदलून बघा, पटला नाही तर पूर्ववत करा. काहीही गमावत नाही. मला वाटते, या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच. भांडण काही संपले नाही, पण हरणाऱ्याला मरावे लागेनासे झाले.

पुढे नेक्सस मॉड्स या मॉडच्या मोठ्या भांडाराने टॅनिनला कामावर घेतले आणि त्यातून व्हॉर्टेक्स हे साधन आले. त्यात क्रमाऐवजी नियम सांगायचे असतात. हा त्याच्यानंतर, तो याच्यानंतर. नियम फिरून पहिल्यावरच आले की ते 'चक्र झाले' म्हणून अडून बसते. जुने मॉड ऑर्गनायझर दुसऱ्या लोकांनी पुढे चालवले.

मग साहजिकच लोकांना वाटले, एकाने शेकडो मॉडची भांडणे महिनोन्‌महिने बसून मिटवली आहेत, तर तीच मांडणी इतरांना आयती का मिळू नये? अशा तयार याद्या निघाल्या. पण त्यांना प्रत्येक मॉडची नेमकी तीच आवृत्ती लागते. एका लेखकाने आपली फाइल काढून घेतली की सगळी मांडणी ढासळते. १ जुलै २०२१ रोजी नेक्ससने जाहीर केले की यापुढे लेखकांनी काढलेल्या फाइली पुसल्या जाणार नाहीत, त्या जपून ठेवल्या जातील आणि याद्यांना मिळत राहतील. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी ५ ऑगस्टपर्यंत आपले सगळे काम काढून न्यावे. यावर फार कडाक्याचे वाद झाले. मी दोन्ही बाजू वाचल्या. फाइल जपली पाहिजे हे माझ्यातल्या इतिहासाच्या शिक्षिकेला पटते. पण फुकट, हौसेने केलेले काम परत घेण्याचा हक्कही हौसेतच येतो, हे म्हणणाऱ्यांनाही मी खोटे ठरवू शकत नाही. तिथे कोणताच क्रम लावता येत नव्हता.

काही जुन्या, नावाजलेल्या लेखकांनी त्या मुदतीत आपले मॉड खरोखरच काढून नेले. त्यांच्यासाठी इतरांनी लिहिलेले काही पॅच मात्र तिथेच राहिले. असा पॅच आज कोणी खेळात घातला तर तो आधी ज्यांच्यामधे बसायचे त्या दोन वह्या शोधतो, त्यातली एक मिळत नाही, आणि खेळ सुरूच होत नाही.